पाढे : आधी हाताला, मग तोंडाला

(साक्षरता वर्गात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



दिवसभर रानात राबून, घरचे सगळे आटोपून तुम्ही रात्री वर्गाला येता. डोळ्यांवर झोप असते, तरी पाटी सोडत नाही. याचे मला फार कौतुक वाटते.

गेल्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर एक ताई मागे थांबल्या. म्हणाल्या, "गुरुजी, मला आता वाचाया याय लागलं. पर माझ्या पोराला पाढं येत न्हाईत. तिसरीत हाय. त्येचा बाप रोज मारतोय. काय करू?"

मी म्हटले, "ताई, पुढच्या वेळी यावरच बोलतो. मुलाच्या वडिलांनाही घेऊन या." ते आज आले आहेत. पाठीमागे भिंतीला टेकून बसले आहेत. दादा, अवघडून बसू नका. तुमच्यावर माझा राग नाही. कारण तुम्ही जे करता, ते मीही केले आहे. आधी तेच सांगतो.

मी १९७४ साली मॅट्रिक झालो. पुढे शिक्षकाचा कोर्स केला आणि १९७७ साली एका खेड्यातल्या शाळेत लागलो. वय वीस. अनुभव काही नाही, पण हातात छडी होती. चौथीच्या वर्गाला मी रोज पाढे म्हणायला लावत असे. पोरे एका सुरात म्हणत. देवळात आरती चालावी तसा आवाज घुमायचा. मला वाटायचे, वा! काय छान तयारी झाली आहे!

एक दिवस तपासणीला साहेब येणार असे कळले. मी एकेकाला उभे करून विचारू लागलो. एका मुलाला विचारले, "सात आठे किती?" तो गप्प. मी हातावर दोन छड्या मारल्या. पुन्हा विचारले. तो पहिल्यापासून म्हणू लागला. सात एके सात, सात दुणे चौदा... पंचे पस्तीसपर्यंत आला आणि अडला. मी आणखी दोन मारल्या. वर्ग हसला. मुलगा रडला नाही. हात मागे धरून नुसता खाली बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

पुढच्या मंगळवारी मी बाजाराला गेलो. त्या मुलाची आई लिंबे विकायला बसली होती. शेजारी तो. पोत्यावर लिंबांचे वाटे मांडलेले. एका वाट्यात सात लिंबे. आईने विचारले, "किती गेली रं?" पोराने रिकाम्या जागेकडे बघितले आणि बोटे न मोजता म्हणाला, "दोन वाटं चवदा. चार वाटं अठ्ठावीस. आठ वाटं छप्पन. आये, छप्पन लिंबं गेली."

मी तिथेच उभा राहिलो. सात आठे छप्पन्न! ज्यासाठी मी त्याला चार छड्या मारल्या, ते त्याला येत होते. माझ्यापेक्षा चांगले येत होते. दोनाची दुप्पट चार, चाराची दुप्पट आठ, ही युक्ती त्याने आपल्या डोक्याने काढली होती. येत नव्हते ते मला. त्याच्या डोक्यात काय आहे हे ओळखायला मला येत नव्हते.

त्याने मला पाहिले आणि आईच्या मागे सरकला. मी म्हटले, "बाई, मुलाला शाळेत पाठवा. मी मारणार नाही." ती म्हणाली, "गुरुजी, त्येला हितं हिशेब येतोय. साळंत गेला की येत न्हाई. मग कशाला पाठवू?" मी दोनदा त्यांच्या घरी गेलो. पण तो परत आला नाही. आज तो पंचावन्न-साठीचा असेल. तुमच्याकडे पाहताना पुष्कळदा मनात येते, तोही असाच कुठल्यातरी गावात रात्रीच्या वर्गाला बसला असेल का?

चार छड्यांनी एका मुलाची शाळा सुटली. पाढा काही पाठ झाला नाही. आता तर कायदाच आहे. २००९ साली शिक्षण हक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. शाळेत मुलाला मारायचे नाही आणि त्याच्या मनाला लागेल असा छळही करायचा नाही, असे त्यात लिहिले आहे. पण घरात कायद्याचा शिपाई येत नाही. घरात आपणच शहाणे व्हायला पाहिजे.

मग पाढे पाठ करायचेच नाहीत की काय? तसे मी म्हणत नाही, बरं का. पाढे पाठ पाहिजेतच. चालताना पाय कुठे टाकू असा विचार आपण करत नाही, तसे पाढे तोंडात बसले पाहिजेत. प्रश्न एवढाच, की ते बसवायचे कसे? माझे सांगणे असे : पाढा आधी हाताला कळू द्या, मग तोंडाला येऊ द्या.

आपल्या जुन्या माणसांचेही असेच होते. माझ्या आजोबांना पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी सगळे तोंडपाठ होते. औट म्हणजे साडेतीन. साडेतिनाचा पाढा! लोकांना वाटते, ही सगळी नुसती घोकंपट्टी होती. पण त्या वेळी रुपयाचे सोळा आणे होते, मणाचे चाळीस शेर होते. पावशेर, दीड शेर, अडीच मण असा रोजचा व्यवहार होता. संध्याकाळी म्हटलेला पाढा दुसऱ्या दिवशी दुकानात कामाला यायचा. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पुढे किलो आणि लिटर आले, आणि औटकी मागे पडली. वापर गेला, तसा पाढाही गेला. यातून काय घ्यायचे? जो पाढा वापरात असतो तोच टिकतो.

आता रीत सांगतो. नीट ऐका. फळ्यावर लिहीन ते वहीत उतरून घ्या.

पहिली गोष्ट, मांडणे. चिंचोके घ्या, खडे घ्या, तुरीचे दाणे घ्या. पैसा लागत नाही. मुलाला सांगा, तीन-तीन चिंचोक्यांचे चार ढीग कर. आता सगळे मोज. बारा झाले. हेच तीन चोक बारा. पाढा म्हणजे दुसरे काही नाही, सारख्या ढिगांची बेरीज. हे मुलाला एकदा डोळ्यांनी दिसले, की पुढचे सोपे होते.

मग तेच चिंचोके ओळीत मांडायला सांगा. एका ओळीत तीन, अशा चार ओळी. आता मुलाला उठवून दुसऱ्या बाजूला बसवा. त्याला काय दिसते? एका ओळीत चार, अशा तीन ओळी. चिंचोके तेच, बारा. म्हणजे तीन चोक बारा आणि चार त्रिकही बारा. आंब्याच्या बागेत झाडे उभी मोजा, नाहीतर आडवी मोजा. झाडे वाढत नाहीत आणि कमीही होत नाहीत.

ही गोष्ट लहान दिसते, पण हिने निम्मे ओझे उतरते. कसे ते बघा. एकाचा आणि दहाचा पाढा तर मुलाला येतोच. दहाच्या पाढ्यात पुढे शून्य द्यायचे, झाले. राहिले दोन ते नऊ. दोन ते नऊ या आठ आकड्यांना त्याच आठ आकड्यांनी गुणायचे, म्हणजे आठ आठे चौसष्ट उत्तरे. पण तीन चोक आणि चार त्रिक एकच, सात आठे आणि आठ साते एकच. अशा जोड्या एकदाच धरल्या, तर चौसष्टांची छत्तीसच उरतात.

त्यातही दोनाचा पाढा म्हणजे दुप्पट. दोन हात, दोन डोळे, बैलाची जोडी. तो मुलाला लवकर येतो. पाचाचा पाढा हाताच्या बोटांवर आहे आणि घड्याळातही आहे. मोठा काटा सातावर आला की किती मिनिटे झाली? पस्तीस. हाच पाच साते पस्तीस. घरात काट्यांचे घड्याळ असेल, तर तो पाढा भिंतीवरच टांगला आहे म्हणा ना!

नवाच्या पाढ्याची गंमत आहे. दोन्ही हात समोर पसरा. सगळ्यांनी पसरा, लाजू नका. डावीकडून बोटे मोजायची. नऊ चोक किती? चौथे बोट मुडपा. त्याच्या डावीकडे बोटे किती? तीन. उजवीकडे किती? सहा. छत्तीस! नऊ साते? सातवे मुडपा. डावीकडे सहा, उजवीकडे तीन. त्रेसष्ट! आणखी एक पडताळा सांगतो. अठरा, सत्तावीस, छत्तीस, पंचेचाळीस. प्रत्येकातले दोन आकडे मिळवा. एक आणि आठ नऊ, दोन आणि सात नऊ, तीन आणि सहा नऊ. नव दाहे नव्वदपर्यंत असेच. बेरीज नऊ आली नाही, तर उत्तर चुकले असे समजायचे.

दोन, पाच आणि नऊ हे तीन पाढे असे सोपे झाले. मग खरे अवघड राहिले किती? मोजून दाखवतो. पंधरा. फक्त पंधरा! ते फळ्यावर लिहितो.

३ × ३ = ९
३ × ४ = १२
३ × ६ = १८
३ × ७ = २१
३ × ८ = २४
४ × ४ = १६
४ × ६ = २४
४ × ७ = २८
४ × ८ = ३२
६ × ६ = ३६
६ × ७ = ४२
६ × ८ = ४८
७ × ७ = ४९
७ × ८ = ५६
८ × ८ = ६४

या पंधरांसाठी आपण पोरांना वर्षानुवर्षे मारत आलो. दिवसाला एक घेतले, तरी पंधरा दिवसांचे काम आहे.

दुसरी गोष्ट, म्हणणे. मांडून झाले की म्हणायचे, आणि मोठ्याने म्हणायचे. आपल्या मराठी पाढ्यांना चाल आहे. एके, दुणे, त्रिक, चोक, पंचे, सक, साते, आठे, नव्वे, दाहे. ही चाल मुलाच्या कानात बसते आणि जन्मभर राहते. पण रोज दहा मिनिटे पुरे. तासभर बसवून मुलाला पेंग आणू नका. जेवणाआधी दहा मिनिटे, अंगणात, आईने चूल पेटवता पेटवता म्हटले तरी चालते. एक पाढा पक्का झाल्याशिवाय दुसरा घेऊ नका. आधी दोन, मग दहा, मग पाच. दोनाची दुप्पट केली की चार येतो, चाराची दुप्पट केली की आठ. मग तीन, आणि तिनाची दुप्पट सहा. मग नऊ. सात शेवटी घ्या. तोपर्यंत साताची बाकीची उत्तरे दुसऱ्या पाढ्यांतून येऊन गेलेली असतात. नवे एकच उरते, साते साते एकोणपन्नास.

इथे एक अडचण आहे, ती मुलाची नव्हे, आपल्या आकड्यांच्या नावांची आहे. बेचाळीस म्हणताना दोन आधी ऐकू येतात, पण लिहिताना चार आधी लिहावे लागतात. एकोणपन्नास म्हणताना पन्नास ऐकू येते, पण लिहायचे ४९. म्हणून मूल गोंधळते. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बेचाळीसला 'चाळीस दोन' असेही म्हणायची रीत दिली, तेव्हा पुष्कळ वाद झाला. मी म्हणतो, मुलाने चाळीस दोन म्हटले तर हसू नका. त्याला आकडा कळला आहे. बेचाळीस हे नाव आपण शेजारी ठेवावे, तेही येईल. तुम्हीसुद्धा परवा एकोणसाठच्या जागी ६९ लिहिले होते की नाही? मग!

तिसरी गोष्ट, मधूनच विचारणे. मूल पाढा सरळ म्हणते. पण 'सहा आठे किती' असे मधलेच विचारले, की ते 'सहा एके सहा'पासून सुरू करते. माझ्या वर्गात हेच झाले होते. शिडीच्या सगळ्या पायऱ्या चढूनच वर जायचे, अशी त्याची सवय झालेली असते. म्हणून सरळ आला की उलटा म्हणवा. मग मधूनच विचारा. रानात जाताना विचारा, पाणी भरताना विचारा.

उत्तर चुकले तर काय करायचे? 'गाढवा' म्हणायचे नाही. विचारायचे, "बरं, जवळचे कुठले येते?" सात सक येत नाही? सात पंचे येते का? पस्तीस. त्यात एक ढीग आणखी घाल. पस्तीस आणि सात बेचाळीस. मुलाला एकदा कळले की विसरलेले उत्तर आपले आपण परत काढता येते, की त्याची भीती जाते. आणि भीती गेली की पाठ होते. भीतीने तर आलेलेही जाते.

मोठे पाढेही असेच मोडून करता येतात. तेरा साते किती? तेराचे दहा आणि तीन करा. दहा साते सत्तर, तीन साते एकवीस. सत्तर आणि एकवीस एक्याण्णव. एकोणीस आठे? वीस आठे एकशे साठ, त्यातून एक आठ काढा. एकशे बावन्न. ही मोडतोड काही माझी नाही. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास लीलावती ग्रंथ लिहिला. त्यात १३५ ला १२ ने गुणा, असे उदाहरण आहे आणि बाराचे तुकडे पाडून गुणायची रीत दिली आहे. आपणही करू. १३५ दाहे १३५०. १३५ दुणे २७०. दोन्ही मिळून १६२०. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणादेवीचे ठिकाण आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने तिथे मठ काढला, असे तिथल्या शिलालेखात लिहिलेले आहे. एवढा मोठा गणिती, पण तोही मोठा घास लहान करून खायला सांगतो.

चौथी गोष्ट, वापरणे. मुलाला बाजारात न्या. "मेथीच्या सहा जुड्या, पंधराला एक. किती द्यायचे?" हे त्याला सांगू द्या. पिशवी धरायला मुलगा आणि हिशेबाला आपण, असे करू नका. मुलीलाही विचारा. चुलीशी बसली म्हणून तिला हिशेब लागत नाही असे थोडेच आहे? उद्या बचत गटाचे पुस्तक तिलाच तपासायचे आहे.

कुणी म्हणेल, "गुरुजी, मोबाईलात हिशेब होतोय की." होतो. मीही करतो. पण बोट चुकले तर मोबाईल सांगत नाही. खताची आठ पोती, एकाचे ३५० रुपये. मोबाईलावर एक शून्य जास्त दाबले गेले, तर तो २८००० दाखवील आणि दुकानदार म्हणेल, "बघा, मशीन सांगतंय." पण आठ साडेतीन अठ्ठावीस हे तुम्हाला ठाऊक असेल, तर तुम्ही लगेच म्हणाल, "थांबा, २८०० झाले." पैसा वाचवायला मशीन नाही, पाढा आला.

आता मागे बसलेल्या दादांना एक विचारतो. तुम्ही काय काम करता?

(मागून उत्तर : "फरशी बसवतो.")

एका ओळीत बारा फरश्या, अशा आठ ओळी. किती फरश्या मागवाल?

(उत्तर : "शहाण्णव. दोन-चार फुटत्यात, म्हणून शंभर.")

ऐकलेत? बारा आठे शहाण्णव, आणि वर फुटीचा हिशेबही केला! दादा, हे तुम्हाला कुणी मारून शिकवले का?

(उत्तर : "न्हाई गुरुजी. करून करून आलं.")

बस्. माझे सगळे भाषण तुम्ही तीन शब्दांत केलेत. करून करून आलं. मुलालाही तसेच येईल. आज घरी गेल्यावर मूल झोपले असेल तर उठवू नका. उद्या संध्याकाळी त्याला शेजारी घ्या. पुढ्यात मूठभर चिंचोके ठेवा. तुम्ही ओळीत फरशा लावता तसे त्याच्याकडून लावून घ्या. सात-सातांच्या आठ ओळी. त्याने मोजून छप्पन्न म्हटले, की पाठीवर हात ठेवा. त्याच हाताने.

आणि ज्यांना स्वतःला पाढे येत नाहीत, त्यांनी मुलाबरोबर बसावे. त्यात लाज कसली? मूल शाळेतून पाढा आणील, तुम्ही कामावरून हिशेब आणा. दोघे मिळून शिका.

पुढच्या आठवड्यात येताना प्रत्येकाने एक पाढा पाठ करून यायचे. मधूनच विचारीन, बरं का! छडी मात्र माझ्याजवळ नाही. ती मी त्या मंगळवारी बाजारातून परतल्यावर मोडली.

राम राम.